पट्टीवरची घडी

—तर एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, एक सासू राहायची, एक मुलगा राहायचा आणि एक सून राहायची. हो, माहितेय, तू गोष्ट ऐकायला आलेली नाहीस, तुला दवाखान्याने तक्ता न्यायला पाठवलंय. मिळेल की. पण तू तो उघडलास, एका घडीवर बोट ठेवलंस आणि माझ्याकडे बघत बसलीस, तर मला कुठून तरी सुरुवात करायला नको? बस. त्या गठ्ठ्यावर नको, त्याची खळ ओली आहे — तिकडे, स्टुलावर. तुला तू म्हणते हं, नातीच्या वयाची आहेस. मुलगा सुनेला आणायला गेलाय, चारपर्यंत येतील, आणि ती यायच्या आत हा तक्ता या घराबाहेर गेलेला हवा मला. तिने तो बघायचा नाही. का नाही? का नाही म्हणजे — आजारातून उठलेल्या बाईला कशाला दाखवायच्या तिच्याच अंगावरून काढलेल्या जुन्या पट्ट्या?

घडी म्हणशील तर ती पोटावर झोपते, लहानपणापासूनची सवय, पट्टी दुमडली असेल. काय? हो — पोटाला चार भोकं पाडलेली बाई पोटावर कशी झोपेल, खरंय तुझं. मग कुशीवर झोपली असेल. खांद्यावरची पट्टी कुशीवर झोपून कशी दुमडते ते मला काय ठाऊक, मी काय डॉक्टर आहे? तू पाचशे तक्ते बघितलेस म्हणून तुला घडी दिसली. मला पण दिसली. माझी अख्खी हयात घड्या घालण्यात गेली, मला दिसणार नाही होय. दोन दिवस तो तक्ता त्या शिकंज्यात दाबून ठेवला होता मी — ते लोखंडी चाक दिसतं ना, फिरवलं की वरची फळी खाली येते आणि पुस्तकं दाबली जातात — त्याच्यात. नऊ जाडजूड वह्यांच्या मध्ये. पण घडी एकदा बसली की बसली, वरून डोंगर ठेवलास तरी ती रेघ राहतेच. हे मला कुणी शिकवायला नको होतं. तरी दाबून बघितला.

आमचा धंदा बांधणीचा. छापखान्यातून मोठाले कागद येतात, एकेका कागदावर सोळा पानं, आम्ही त्याला फर्मा म्हणतो — तीन घड्या घातल्या की पानं लागोपाठ येतात. फर्मे मी घडते, सून ते शिवते, मुलगा कापतो आणि पुठ्ठा चढवतो. मला वाचता येत नाही, एक अक्षर नाही. तुला हसू येईल, पण या हातांनी चाळीस वर्षांत किती पुस्तकं घडली असतील आणि एकात काय लिहिलंय ते सांगता येणार नाही मला. कोपऱ्यातली खूण बघायची, खुणेवर खूण ठेवायची, हाडाच्या तुकड्याने घडी दाबायची. पाय मुडपून जमिनीवर बसायचं सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. म्हणून तर गुडघे — जाऊ दे, गुडघ्यांचं नंतर. गुडघ्यांचं काही नाहीच यात.

तर ती सासू आणि ती सून. नऊ वर्षं बोलत नव्हत्या. अगदी नाही असं नाही — मुलाच्या तोंडून बोलायच्या. "तुमच्या आईला सांगा दोरा संपलाय." आणि मी इथे, तीन हातांवर, कान शाबूत, दोरा माझ्याच मांडीखाली. मग मी मुलाला म्हणायची, "तुझ्या बायकोला सांग, घे म्हणावं." आणि तो बिचारा आपला मध्ये. स्वभावच असा त्याचा, जिभेला जन्मतःच खळ लागलीय. कारण? कारण एवढंसं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने एक पुस्तक शिवलं, शिलाई सैल होती, आणि मी गिऱ्हाइकासमोर ते उचललं आणि टराटरा उसवून तिच्या पुढ्यात टाकलं. म्हटलं, ही काय उशीची खोळ आहे? गिऱ्हाईक हसलं. ती नाही हसली. ती खाली बघून परत शिवायला बसली आणि त्या दिवसापासून तिच्या तोंडचा माझ्यासाठीचा शब्द गेला. तू बघितली असशील पहिल्यांदा आलीस तेव्हा, खोलीच्या मधोमध पुठ्ठ्यांची भिंत होती. ती कुणी बांधली नाही हं. एकदा माल आला, मध्ये रचला, कुणी उचलला नाही, वर अजून रचला. पलीकडे त्यांची शेगडी, इकडे माझी शेगडी. भाजी पलीकडे करपली की वास मला यायचा आणि मी बोलायची नाही.

मग तिच्या पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. दुर्बिणीतून ऑपरेशन — मला वाटलं दुर्बिणीतून लांबून बघतात आणि बरं करतात. चार भोकं, एवढी एवढीशी, सुईने फर्मा टोचावा तशी, आणि दुसऱ्या दिवशी घरी. आणि तू आलीस पिशवी घेऊन. चौदा औषधाच्या पट्ट्या, नव्या निघाल्यात म्हणालीस, सूज आणि दुखणं कातडीतूनच ओढून घेतात, पोटात गोळी ढकलायला नको. सात दिवस, रोज दोन. एक पोटावर, बरगडीखाली, भोकापासून दोन बोटं लांब. एक खांद्यावर, कारण ऑपरेशनला पोटात हवा भरतात आणि ती मागाहून खांद्यात जाऊन ठणकते. माझ्या लक्षात आहे बघ सगळं, वाचता येत नाही म्हणून मी कानाने पाठ करते. सकाळी नवी लावायची, जुनी काढून तक्त्यावरच्या चौकोनात चिकटवायची, म्हणजे तुमच्या डॉक्टरांना कळतं खरंच लावली की नाही. तू माझ्यासाठी चौकोनांवर चित्रं काढून दिलीस, पोटाचं आणि खांद्याचं. कुणी माझ्यासाठी चित्र काढलं नव्हतं आजवर. आणि म्हणालीस, आजी, घडी घालू नका, सपाट लावा. ऐकलं होतं मी.

आणि अजून एक विचारलंस. सुनेला विचारलंस — रक्त पातळ करायची गोळी घेता का? असेल तर ही पट्टी चालत नाही. ती नाही म्हणाली. तू कागदावर फुली मारलीस. मी तिथेच उभी होते, पाण्याचा तांब्या घेऊन. मला कुणी विचारलं नाही. मला कशाला विचारेल कुणी?

पहिल्या दिवशी दोन्ही मीच लावल्या. मुलाला कॉलेजच्या पुस्तकांचं काम पोचवायचं होतं, तो कापायला बसलेला, दुसरं कोण होतं? भिंतीला वळसा घालून मी पलीकडे गेले — नऊ वर्षांत पहिल्यांदा — आणि तिचं पोट उघडलं. एवढुसं पोट तिचं. मागचा कागद सोलला, पट्टी लावली, तू सांगितलंस तशी तळव्याने जरा वेळ धरून ठेवली. थोड्या वेळाने तिने श्वास सोडला. तो श्वास — मी तो श्वास कसा सांगू तुला? दिवसभर डोक्यावर धरलेलं ओझं कुणी अलगद उतरवून घ्यावं, तसा. आणि डोळे मिटून झोपली, माझा हात पोटावर तसाच. चांगलं वाटायला हवं होतं ना मला? तू सांग, वाटायला हवं होतं की नाही? नाही वाटलं. मला वाटलं, हिला माझ्या हातून सुख मिळालं आणि ही मला ओ सुद्धा देत नाही. मला वाटलं, माझे गुडघे चौदा वर्षं ठणकतायत, मला कुणी कातडीच्या रंगाची पट्टी लावली नाही. हे मी का बोलतेय तुझ्याशी? पाणी दे जरा. तो तांब्या. सकाळपासून सारखी तहान लागतेय, उपाशी आहे म्हणून.

हां. तर खांद्याचं दुखणं दोन दिवसांत आपोआप जातं असं तूच म्हणालीस. मग दुसऱ्या दिवशीची खांद्याची पट्टी काय करायची? वाया? मी ती उजव्या गुडघ्याला लावली. घे, बोलले. उजव्या गुडघ्याला. आणि तिच्या खांद्याला? तिथे मी बांधणीचं बदामी कापड लावलं, तेवढंच कापून, कोपरे गोल करून — माझ्यासारखं कोपरे गोल कुणी करून दाखवावं — मागे तुमच्याच दवाखान्याच्या चिकटपट्टीचे तुकडे, आणि गार लागावं म्हणून बामाचं एक बोट. वास तसाच. तिला काय दिसतंय खांद्यावरचं? आणि माझा गुडघा, अगं, तासाभरात माझा गुडघा असा निवला, मी जिना उतरून परत चढून आले, उगाच. खाली भाजीवाली म्हणाली, आज काय आजी, लग्नाला निघालात का? तिसऱ्या दिवशी डावा गुडघा रुसला. त्याचं पण खरंच, त्याने काय पाप केलं होतं? मग पोटाची पट्टी त्याला.

हो, पोटाची. तिसऱ्या दिवसापासून दोन्ही. तिच्या अंगावर दोन्ही कापडं — पोटावरचं तिला दिसू नये म्हणून त्यावर दवाखान्याची चिकटपट्टी — आणि माझ्या गुडघ्यांवर दोन्ही औषधं. सकाळी तिचं कापड काढायचं, केरात टाकायचं, माझ्या गुडघ्यावरची सोलायची आणि चित्र बघून चौकोनात लावायची. गुडघा दिवसाला शंभरदा वाकतो, मग मधोमध आडवी रेघ पडणारच. मला वाटलं कोण बघतंय. बाकी सगळ्यांची घडी मी ओळखते आणि माझी कुणी ओळखणार नाही असं वाटलं, बघ म्हातारीचं डोकं. मोज, पहिल्या तीन सपाट आहेत. बाकीच्या — मोज तू, तुला येतं मोजायला.

नको ना अशी बघूस. तुझ्या आजीने असं केलं असतं का, असं विचारतेस मनात. तुझ्या आजीला विचार एकदा, तिच्या पोटात काय काय आहे. सांगेल ती.

चौथ्या दिवशी सून म्हणाली — मुलाला म्हणाली, "आईंना विचारा, पट्टी लावूनही एवढं दुखतं का?" मी इकडून म्हटलं, "दुखतं, सांग तिला. भोकं पाडलीत, फुलं नाही माळलीत." अंग कोमट होतं तिचं. मी हात लावून बघितला होता आणि हात पुसला. पाचव्या दिवशी दुपारी ती वाकडी व्हायला लागली. चेहरा पिवळा, जुन्या वहीच्या पानासारखा. मी इकडे आले, साडी वर केली आणि डाव्या गुडघ्यावरची पट्टी — सकाळीच लावलेली, अजून तिच्यात जीव होता — ती सोलली. तिची तिला देऊन टाकायची, असं ठरवून. पट्टी हातात घेऊन भिंतीला वळसा घातला. आणि ती पोर माझ्याकडे बघून काय म्हणाली माहितेय? "आई," म्हणाली. "आई, माझ्या आत काहीतरी फुटलंय."

नऊ वर्षं, आणि पहिला शब्द तो.

मी तिथे उभी. पट्टी बोटांना चिकटलेली. लावू की नको? लावली असती तर तिला जरा आराम पडला असता आणि मी म्हटलं असतं, बघ, झोप आता, उद्या बघू. माझ्या तोंडात तेच आलं होतं, उद्या बघू. पण बोट सोडेना पट्टी आणि ती माझा हात सोडेना. मग मोकळ्या हाताने तिच्या अंगावरची दोन्ही कापडं ओढून काढली आणि मुलाला हाक मारली. अशी मारली की खालच्या मजल्यावरची माणसं वर आली.

दवाखान्यात मोठे डॉक्टर म्हणाले — तुला माहीत असेल, तुमच्याकडे लिहिलेलं असेल — ऑपरेशनात आत लावलेला एक चिमटा सुटला होता, पित्त पोटात झिरपत होतं. त्यांनी सुनेला विचारलं, पट्ट्या नेमाने लावत होता ना? ती म्हणाली, आई रोज लावायच्या, स्वतःच्या हाताने. तर डॉक्टर म्हणाले, मग पट्टी असूनही एवढं दुखतंय म्हणजे हे साधं दुखणं नाही, आत काहीतरी आहे. लगेच तपासलं. लगेच नळी घातली. आणि बाहेर येऊन मला म्हणाले, आजी, तुम्ही वेळेवर आणलंत, दुखणं दबून राहिलं असतं आणि अजून दोन दिवस घरीच काढले असते तर सून हाती लागली नसती. माझ्या पाठीवर हात ठेवला त्या माणसाने. आणि मी काय केलं? पिशवीचा बंद घट्ट धरून उभी राहिले. पिशवीत बाकीच्या चार पट्ट्या होत्या.

आता सांग, मी चोर की मी देव? मी हे रोज विचारते. मी तिची पट्टी चोरली नसती तर ती गेली असती. आणि मी ती तिला वाचवायला चोरली होती का? नाही. मी तिला दुखावं म्हणूनच — गुडघा आपला बहाणा. अर्धा बहाणा. अर्धा खरंच दुखत होता.

हे तू लिहिणार का? नको लिहूस. लेखणी खाली ठेव.

त्या चार? बोट बरोबर ठेवतेस तू. सहावा दिवस, सातवा दिवस, शेवटचे चार चौकोन. ती तेव्हा तुमच्याच दवाखान्यात होती, नळी लावून, तिच्या अंगावर पट्ट्या कुठून येणार — हे माझ्या लक्षातच आलं नाही बघ. दवाखान्याचे जिने चढउतार करून गुडघे पेटले होते, मी चारही एकदम लावल्या, दोन इकडे दोन तिकडे. आणि मग चौकोन रिकामे दिसले, तर ते भरले. रिकामा चौकोन बघवत नाही मला. पुस्तकात एक पान कोरं राहिलं तरी आम्ही फर्मा परत पाठवतो. चाळीस वर्षांची सवय, हातांनी आपोआप केलं. नाहीतर घडीवरून तू मला पकडली नसतीस, पकडली असतीस का? कुशीवर झोपली म्हणून भागलं असतं.

मग पट्ट्या संपल्या. काय करणार होते? रिकामं पाकीट जपून ठेवलं होतं, ते औषधाच्या दुकानात नेऊन दाखवलं. म्हटलं, हेच द्या. तो म्हणाला पट्टी नाही, आजी, पण ह्याच औषधाची गोळी आहे. चांगला आहे तो पोरगा, मला नीट समजावलं, जेवणानंतर घ्या म्हणाला. त्याने पण विचारलं नाही. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, दहा दिवस झाले. जेवणानंतर कसलं, जेवण होतच नाही इतक्यात, पोटात आग पडते. आणि माझी ती नेहमीची, छातीत कळ आली होती तेव्हापासूनची. छोटी, गुलाबी. हो, तीच. रक्त पातळ करायची. ती चुकवत नाही मी, मुलगा सकाळी हातावर ठेवतो.

का उठलीस? बस. बस म्हणते ना.

काय विचारतेस ते? काय हे विचारणं, बायका असं विचारतात का कुणाला? — शी काळी होतेय. चार दिवस झाले. छपाईच्या शाईसारखी, तशीच चिकट. मला वाटलं ताकदीची लाल गोळी घेते मी कधीमधी, त्याने असेल. उलटी? एकदाच, काल. चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी पडलं. चहा घेतला नव्हता. हे मी मुलाला सांगितलं नाही, तो पुठ्ठे उचलत होता. अगं, तो भिंत काढत होता. तुला दिसलं का आल्यावर? बघ ना, आरपार दिसतंय या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत. खालची फरशी बघ कशी वेगळ्या रंगाची निघाली, नऊ वर्षं ऊन लागलं नव्हतं तिला. सुनेनेच निरोप दिला म्हणे, मी घरी येईन तेव्हा मध्ये पुठ्ठे नकोत, आणि माझी शेगडी आईंच्या शेगडीजवळ ठेवा. नाही, एकच ठेवा म्हणाली. एकच. मुलाने माझी पुसली आणि तिची माळ्यावर टाकली. त्या पोराने शिट्टी वाजवली काम करताना. मी त्याची शिट्टी ऐकली नव्हती तो शाळेत होता तेव्हापासून.

फोन ठेव. ठेव म्हणते. कुणाला बोलावतेस? गाडी बोलावशील, मग खाली माणसं जमतील, मग ते दोघं जिन्यात येतील आणि बघतील की आईला उचलून नेतायत. मग का, कशाने, असं निघेल. आणि तुझ्या त्या तक्त्यावर सगळं लिहिलेलं आहे, चौदा चौकोनांत, अक्षर वाचता न येणाऱ्या बाईने लिहिलेलं, आणि सुनेला ते वाचता येतं. ती बांधणीतली आहे. घडी बघितली की ती कुठे पडली ते सांगेल ती. चिमट्यासारखा चिमटा सुटेल आणि सगळं परत झिरपेल.

मी काय मागतेय तुझ्याजवळ? तक्ता पिशवीत घाल. एवढंच. उद्या लिही काय लिहायचं ते, डॉक्टरांना दाखव, मला पकडून ने, मी येईन, शप्पथ घेते. उद्या सकाळी. एक दिवस त्या घरात एका शेगडीवर जेवण होऊ दे. तू लहान आहेस, तुला वाटतं एका दिवसाने काय होतं. हो, तेच म्हणतेस तू — एका दिवसाने काय होतं ते तुला चांगलं माहितेय. मोठे डॉक्टर पण तेच म्हणाले होते, दोन दिवस.

ढग आलेत का गं? खोली काळवंडली. नाही? ऊन आहे? असेल. मला तिकडचा कोपरा दिसत नाहीये, भिंत काढलेला. हात नको धरूस, गार आहे तो, खळीत बुडवून बुडवून गारच असतो बांधणीवालीचा हात. घाम? तुझा असेल.

गोष्ट संपवू दे मला. अर्धवट गोष्ट सांगितली की ती सांगणाऱ्याच्या मागे लागते, असं मी मुलाला लहानपणी म्हणायची म्हणजे तो झोपायचा शेवटपर्यंत ऐकून. तर ती सासू होती, तो मुलगा होता, ती सून होती. सासूने वाईट केलं आणि त्यातून चांगलं निघालं, आणि ते तिला कुणाला सांगता आलं नाही. सून मरता मरता वाचली. नऊ वर्षांची भिंत एका दिवसात उतरली. मुलगा शिट्टी वाजवायला लागला. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत मग एकच शेगडी पेटली, आणि त्या घराला जे कधी लाभलं नव्हतं ते —

थांब. जिन्यात पाऊल आहे. दोघांचं. तिचं हळू आहे, एका पायरीवर थांबते, बघ. कठड्याला धरत असेल. मी सांगायला विसरले की पहिल्या मजल्याची पायरी परवा फुटलीय.

तक्ता घातलास? घातलास ना पिशवीत? शहाणी आहेस. अजून माझ्याकडे तशीच बघतेस. जरा तोंड पूस, हसरं कर. तू जा आता. समोरून जा त्यांच्या, पट्ट्या न्यायला आले होते म्हण, सगळं ठीक आहे म्हण. फोन जिना उतरून झाल्यावर कर, हवं तर. मी नाही म्हटलं असं नको, पण उतरून झाल्यावर. मला उठवू नकोस. मी इथूनच — इथून दार दिसतं सरळ, मध्ये काही नाही आता.

ऐकलंस? हाक ऐकलीस? मुलाला नाही मारली ती. आई म्हणाली. बाहेरूनच, दार उघडायच्या आधीच, आई म्हणाली.

दार उघड तिला. आणि काही बोलू नकोस.